बिनतारी संवेदक जाळ्यांपुढील संशोधन-आव्हाने : लोणी देवकर परिसरातील ऊसशेतीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

बिनतारी संवेदक जाळी हा विषय गेली सुमारे पंचवीस वर्षे संगणकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासकांच्या आवडीचा राहिला आहे. मात्र महाविद्यालयीन पातळीवरील या विषयाचे बरेचसे संशोधन संगणकावरील प्रतिरूपणापुरते, म्हणजेच सिम्युलेशनपुरते, मर्यादित राहते. प्रस्तुत लेखात इंदापूर तालुक्यातील लोणी देवकर परिसराची ऊसशेती डोळ्यांसमोर ठेवून ऊर्जा, रेडिओ संपर्क, मोजमापाची विश्वासार्हता, देखभाल आणि माहितीचा प्रत्यक्ष वापर या पाच आव्हानांचे विवेचन करण्यात आले आहे. संदेश पोहोचला म्हणजे जाळे यशस्वी झाले असे नाही. पोहोचलेला आकडा खरा असणे ही त्याची अंतिम कसोटी होय. ही कसोटी घेण्यासाठी ग्रामीण भागातील महाविद्यालये सर्वांत अनुकूल ठिकाणी आहेत, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : बिनतारी संवेदक जाळे, नोड, मृद-ओलावा, अंशशोधन, ऊसशेती, क्षारपड जमीन.

१. प्रस्तावना

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मध्ये वसलेला इंदापूर तालुका पाण्याच्या बाबतीत विसंगतीचा तालुका आहे. एका अंगाला भीमेवरील उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे, दक्षिणेकडून नीरा डावा कालवा येतो, तर खडकवासला प्रकल्पाच्या कालव्याचे शेपूट याच तालुक्यात येऊन संपते. तरीही हा भाग अवर्षणप्रवण म्हणूनच ओळखला जातो. पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी देवकर या गावी ही विसंगती जवळून पाहता येते. तेथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे औद्योगिक क्षेत्र आहे, आणि उजनीच्या फुगवट्यावरून उपसलेल्या पाण्यावर उभे राहिलेले उसाचे फडही या परिसरात आहेत.

पाणी मोजून देण्याचा प्रश्न अशा ठिकाणी केवळ उत्पादनवाढीचा राहत नाही. कमी पाण्याने पीक जाते आणि जास्त पाण्याने जमीन जाते. म्हणूनच जमिनीतील ओलावा मोजून तो दूरवर कळविणाऱ्या संवेदकांकडे, म्हणजेच सेन्सरकडे, या भागात अपेक्षेने पाहिले जाते. शेजारच्या बारामती येथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रकल्प हाती घेतला. २०२४ मध्ये तो शेतकऱ्यांपर्यंत नेण्यात आला. जमिनीतील संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहीय प्रतिमा यांच्या आधारे शेतकऱ्यास मोबाइलवर सल्ला देणे, हे त्याचे स्वरूप आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनानेही शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. कृत्रिम बुद्धिमत्ता कितीही प्रगत असली, तरी तिला मिळणारा पहिला आकडा मातीत पुरलेल्या एका लहानशा उपकरणाकडूनच येतो. त्या आकड्याचा मातीपासून मोबाइलपर्यंतचा प्रवास कोठे कोठे बिघडू शकतो, हे तपासणे हा या लेखाचा उद्देश आहे.

२. संवेदक जाळे : रचना आणि पूर्वपीठिका

संवेदक जाळ्यातील प्रत्येक घटकास नोड असे म्हणतात. नोडचे चार मुख्य भाग असतात : ओलावा, तापमान इत्यादी मोजणारा संवेदक, मोजमापाचे अंकांत रूपांतर करणारा सूक्ष्मनियंत्रक, संदेश पाठविणारा व घेणारा रेडिओ आणि या सर्वांना ऊर्जा पुरविणारी बॅटरी. अनेक नोड आपली माहिती थेट किंवा एकमेकांच्या मार्फत एका संकलन केंद्राकडे पाठवितात. केंद्राकडून ती इंटरनेटद्वारे पुढे जाते.

या कल्पनेस १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बर्कले येथील ‘स्मार्ट डस्ट’ प्रकल्पाने चालना दिली. २००० मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी ‘लीच’ ही मार्गनिर्धारण पद्धती मांडली. नोडचे गट पाडावेत, प्रत्येक गटाने एक प्रमुख निवडावा आणि थकव्याचा भार सर्वांवर समान पडावा म्हणून हे प्रमुखपद आळीपाळीने फिरवावे, असे तिचे सूत्र आहे. २००३ मध्ये अल्प ऊर्जेच्या रेडिओसाठी ‘८०२.१५.४’ हे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. महाराष्ट्रात आय.आय.टी. मुंबईच्या संशोधकांनी ‘ॲग्रिसेन्स’ या प्रकल्पाद्वारे नाशिक येथील द्राक्षबागेत असे जाळे उभारले. कर्नाटकातील पावगड तालुक्यात भारतीय विज्ञान संस्था व स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रज्ञान संस्था यांनी कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी प्रयोग केला.

‘लीच’ पद्धतीच्या सुधारित आवृत्त्या मांडणारे निबंध आपल्याकडे विपुल प्रमाणात लिहिले गेले. त्यांची मांडणी बहुधा सारखीच असते : शंभर मीटर लांबी-रुंदीच्या सपाट चौकोनात शंभर नोड विखुरलेले, प्रत्येकाजवळ अर्धा ज्यूल ऊर्जा, आणि शेवटी नवीन पद्धतीत नोड किती फेऱ्या अधिक जगले याचा आलेख. मूळ कल्पना समजून घेण्यासाठी अशी गृहीतके उपयुक्त ठरतात. परंतु प्रत्यक्ष नोडमधील दोन साध्या पेन्सिल सेलमध्ये सुमारे २७,००० ज्यूल ऊर्जा साठविलेली असते. अर्ध्या ज्यूलच्या हिशेबात जो नोड काही मिनिटांत मरतो, त्याला शेतात दीड वर्ष जगावे लागते. आणि त्या दीड वर्षात घडणाऱ्या गोष्टी त्या चौकोनात कोठेच नसतात.

३. ऊर्जेचे आव्हान

आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तोडणी साधारणतः सोळा ते अठरा महिन्यांनी. एकदा ऊस वाढला की फडाच्या मध्यभागी जाऊन बॅटरी बदलणे व्यवहारतः अशक्य असते. त्यामुळे लागणीच्या वेळी पुरलेल्या नोडने तोडणीपर्यंत टिकावे, ही किमान अपेक्षा आहे.

आता हिशेब पाहू. संशोधनात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या ‘टेलॉस’ जातीच्या नोडचा रेडिओ नुसता ऐकत असतानाही सुमारे २० मिलिॲम्पिअर विद्युतधारा घेतो. पेन्सिल सेलची क्षमता २,५०० मिलिॲम्पिअर-तास धरल्यास रेडिओ अखंड चालू ठेवणारा नोड १२५ तासांत, म्हणजे जेमतेम पाच दिवसांत, बंद पडेल. तोच रेडिओ शंभरातील एकच भाग वेळ जागा ठेवला, तर आयुष्य १२,५०० तासांपर्यंत, म्हणजे सुमारे सतरा महिन्यांपर्यंत, जाते. आडसाली पिकाचा काळ नेमका एवढाच आहे. परंतु या हिशेबात संवेदकाचा खर्च, झोपेतील अल्प विद्युतधारा आणि उन्हाळ्यात आपोआप होणारी सेलची झीज धरलेली नाही. म्हणजेच रेडिओ एक टक्क्याहूनही कमी वेळ जागा राहिला पाहिजे.

येथूनच पुढचा प्रश्न उद्भवतो. सर्व नोड झोपाळू असतील, तर बोलणारा आणि ऐकणारा एकाच क्षणी जागे कसे होणार? नोडमधील स्वस्त स्फटिक-घड्याळ दहा लाखांत ४० भागांनी चुकत असेल, तर दिवसाला सुमारे साडेतीन सेकंदांचा फरक पडतो. दोन घड्याळे विरुद्ध दिशांना चुकली, तर तो सात सेकंदांवर जातो. घड्याळे जुळविण्यासाठी संदेश पाठवावे लागतात आणि प्रत्येक संदेश पुन्हा ऊर्जा खातो. शिवाय संदेश एकमेकांच्या मार्फत पाठविल्यास संकलन केंद्राजवळच्या नोडवर स्वतःबरोबर मागच्या सर्वांचा भार पडतो आणि तेच प्रथम संपतात. सौरपट्टीचा उपाय सुचविला जातो. परंतु तीन-चार मीटर उंचीच्या उसाखाली ऊन पोहोचत नाही, आणि पट्टी त्याहून उंच खांबावर नेली की खर्च वाढतो व ती चोरांच्याही नजरेस पडते.

४. उसाच्या फडातील रेडिओ संपर्क

संगणकीय प्रतिरूपणात रेडिओचा पल्ला बहुधा एका वर्तुळाने दाखविला जातो : वर्तुळाच्या आत संपर्क आहे, बाहेर नाही. उसाच्या फडात असे वर्तुळ नसते. ऊस व त्याची पाने पाण्याने भरलेली असतात आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी, ज्यांची तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर असते, पाण्याकडून मोठ्या प्रमाणावर क्षीण होतात. लागणीच्या महिन्यात बांधावरून चाचणी घेऊन जे जाळे उत्तम चालते, तेच सात-आठ महिन्यांनी तुटक होऊ शकते. पीक वाढते तसा जाळ्याचा नकाशा बदलतो, ही बाब मार्गनिर्धारणाच्या प्रचलित पद्धतींत क्वचितच विचारात घेतली जाते.

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. या पट्ट्यातील सुमारे ३५ सेंटीमीटर तरंगलांबीच्या लहरी पिकातून तुलनेने बऱ्या जातात. ‘लोरा’ हे दीर्घ पल्ल्याचे तंत्रज्ञान याच पट्ट्यात वापरले जाते. परंतु पल्ला फुकट मिळत नाही. लोरामध्ये सातपासून बारापर्यंतचे विस्तारांक असतात. सर्वांत कमी विस्तारांकावर वीस बाइटचा छोटा संदेश सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात जातो, तर सर्वांत अधिक विस्तारांकावर त्यालाच सव्वा सेकंदाहून अधिक वेळ लागतो. म्हणजे दूरच्या अथवा दाट फडातील नोडला तोच आकडा कळविण्यासाठी वीस पटींहून अधिक वेळ बोलावे लागते. दिवसातून किती वेळा मोजायचे आणि किती वेळा कळवायचे, हा निर्णय म्हणून प्रत्येक फडासाठी स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

याबाबतीत तर्कावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते, हे नेदरलँड्समधील अनुभवावरून दिसते. तेथे बटाट्याच्या शेतात करपा रोगाच्या पूर्वसूचनेसाठी सुमारे शंभर नोडचे जाळे उभारण्यात आले होते. त्यापूर्वी केलेल्या मोजणीत, ओल्या व दमट हवेत संपर्क बिघडण्याऐवजी सुधारतो, असे अनपेक्षित निरीक्षण मिळाले. बटाट्याचे हे निरीक्षण उसाला जसेच्या तसे लागू करता येणार नाही. उसाच्या फडासाठी अशी मोजणी लागण, बांधणी, पावसाळा आणि पक्वता अशा अवस्थांनुसार स्वतंत्रपणे करावी लागेल.

५. मोजमापाची विश्वासार्हता

आतापर्यंतची आव्हाने आकडा पोहोचविण्याची होती. पोहोचलेला आकडा खरा आहे काय, हा त्याहून गंभीर प्रश्न आहे.

बहुतेक स्वस्त संवेदक ओलावा थेट मोजत नाहीत. ते मातीचा परावैद्युतांक मोजतात आणि त्यावरून ओलाव्याचा अंदाज करतात. कोरड्या मातीतील खनिजांचा परावैद्युतांक साधारण तीन ते पाच, तर पाण्याचा सुमारे ऐंशी असतो. या मोठ्या तफावतीमुळे ही पद्धत शक्य होते. परावैद्युतांकाचे ओलाव्यात रूपांतर करण्यासाठी १९८० मध्ये कॅनडातील टॉप व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले समीकरण आजही प्रमाण मानले जाते. मात्र ते सर्वसाधारण खनिज मातीसाठी आहे. भारी चिकणमातीत आणि क्षारयुक्त मातीत ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

भीमा-नीरा खोऱ्यांत या दोन्ही प्रकारच्या जमिनी आहेत. माळावर हलकी मुरमाड जमीन, तर नदीकाठी खोल काळी माती असते. काळ्या मातीतील विशिष्ट चिकणखनिजे पाण्याने फुगतात व वाळताना आक्रसतात. वाळलेल्या मातीला भेगा पडल्या की संवेदकाच्या पात्याभोवती हवेची पोकळी तयार होते. हवेचा परावैद्युतांक केवळ एक असल्याने संवेदक माती प्रत्यक्षात आहे त्याहून कोरडी दाखवितो. या आकड्यावर विसंबणारी यंत्रणा पाणी सोडण्याचा सल्ला देईल आणि जादा पाण्याची भर पडेल.

क्षारपड जमिनीत याच्या उलट घडते. मातीतील विद्राव्य क्षारांमुळे विद्युतवाहकता वाढते आणि कमी वारंवारितेवर काम करणारे स्वस्त संवेदक माती प्रत्यक्षापेक्षा ओली दाखवितात. त्याच वेळी क्षारांमुळे मुळांना पाणी ओढून घेणे कठीण जाते. म्हणजे पडद्यावर ओलावा पुरेसा दिसत असताना पीक तहानलेले असू शकते. संवेदकाची चूक आणि पिकाची अडचण या ठिकाणी एकमेकींत मिसळतात.

हा प्रश्न या भागाला नवा नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यानंतर काही दशकांतच खोऱ्यातील जमिनी चोपण व खारवट होऊ लागल्या होत्या. हॅरोल्ड मान आणि व्ही. ए. तम्हाणे यांनी त्यांचा अभ्यास करून १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातर्फे नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींवरील पुस्तिका प्रसिद्ध केली. अतिरिक्त पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे जमीन कशी बिघडते, याची नोंद शंभराहून अधिक वर्षांपूर्वी येथेच झाली आहे. चुकीचा आकडा देणारे जाळे त्याच प्रक्रियेला हातभार लावू शकते.

यावरील उपाय म्हणजे अंशशोधन, म्हणजेच संवेदकाचा आकडा प्रत्यक्ष मोजणीशी ताडून दुरुस्त करणे. त्याची पद्धत जुनी व सोपी आहे. संवेदकाजवळच्या मातीचा नमुना घ्यावा, तो तोलावा, भट्टीत १०५ अंश सेल्सिअसला सुमारे चोवीस तास वाळवावा आणि पुन्हा तोलावा. दोन वजनांतील फरक म्हणजे मातीतील पाणी. संवेदक बहुधा आकारमानानुसार ओलावा सांगत असल्याने मातीची स्थूल घनताही काढावी लागते. कष्टाचा भाग असा की हे काम प्रत्येक मृदाप्रकारासाठी आणि हंगामातून अनेकदा करावे लागते. बरेचसे प्रयोग त्यापूर्वीच थांबतात.

६. देखभाल आणि सुरक्षितता

ऊसशेतीत जमीन स्थिर नसते. लागणीनंतर चार-साडेचार महिन्यांनी मोठी बांधणी होते आणि सरीतील माती उसाच्या बुंध्याशी चढविली जाते. त्या दिवशी पंधरा सेंटीमीटर खोलीवर पुरलेला संवेदक अधिक खोलवर जातो. परंतु संगणकातील नोंद पंधरा सेंटीमीटरच राहते. औजाराने वायर तुटणे, उंदीर-घुशींनी ती कुरतडणे, आच्छादन म्हणून पसरलेल्या पाचटाखाली खोका सापडेनासा होणे, या बाबी शेतकऱ्यास सांगण्याची आवश्यकता नाही. संशोधन-निबंधांत मात्र त्यांना क्वचितच जागा मिळते.

अपयशाची प्रांजळ नोंद किती मोलाची असते, याची दोन उदाहरणे आहेत. वर उल्लेखिलेल्या नेदरलँड्समधील प्रकल्पात अपेक्षित मोजमापांपैकी केवळ सुमारे दोन टक्के हाती आली. डेल्फ्ट येथील संशोधकांनी त्याची कारणे २००६ मध्ये निबंधरूपाने प्रसिद्ध केली आणि तो निबंध या क्षेत्रात आजही आवर्जून वाचला जातो. अमेरिकेतील ग्रेट डक बेटावर २००२ पासून समुद्रपक्ष्यांच्या बिळांत नोड ठेवण्यात आले होते. तेथे आर्द्रतेचा संवेदक विचित्र आकडे देऊ लागला की तो नोड लवकरच बंद पडण्याची शक्यता असते, असे आढळले, कारण खोक्यात पाणी शिरलेले असे. चुकीचा आकडा हीदेखील माहिती असू शकते, हा त्यातील धडा आपल्या पावसाळ्यासाठी उपयुक्त आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न दुहेरी आहे. संदेश सांकेतिक करण्याची सोय मानकांत आहे. परंतु उघड्या शेतातील नोड कोणीही उचलून त्यातील गुप्त किल्ली मिळवू शकतो. दुसरा प्रश्न मालकीचा आहे. एखाद्याच्या शेतातील ओलावा, क्षारता आणि पिकाची वाढ यांची माहिती कारखाना, बँक वा विमा कंपनी यांनाही उपयोगी असते. ती कोणाला, कोणत्या अटीवर दिली जाईल, हे शेतकऱ्यास त्याच्या भाषेत आधी कळले पाहिजे.

७. आकड्यापासून निर्णयापर्यंत

समजा, नोड टिकला, संदेश पोहोचला आणि आकडाही खरा निघाला. ‘उद्या पाणी द्या’ असा सल्ला मोबाइलवर आला. परंतु कालव्याचे आवर्तन अजून पंधरा दिवस दूर आहे, विहिरीला पाणी नाही किंवा शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आहे. अशा वेळी योग्य सल्लाही निरुपयोगी ठरतो. पाण्यावर ज्याचे नियंत्रण आहे अशा ठिबकधारक शेतकऱ्यास जाळ्याचा लाभ अधिक होतो, कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यास कमी. जेव्हा हवे तेव्हा पाणी उपलब्ध आहे, हे या तंत्रज्ञानातील न बोललेले गृहीतक आहे. आवर्तनाच्या तारखा आणि उपलब्ध साठा लक्षात घेऊन ‘या पाळीत किती पाणी घ्यावे’ असा सल्ला तयार करणे, हा येथील परिस्थितीतून निर्माण होणारा स्वतंत्र संशोधन-विषय आहे.

८. महाविद्यालयीन संशोधनाची दिशा

केवळ प्रतिरूपणावर आधारित निबंधांची संख्या वाढण्यामागे कारणे आहेत. प्रतिरूपणास खर्च नसतो आणि ते एका सत्रात पूर्ण होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्रकाशनांना गुण जोडल्यानंतर अशा लवकर पूर्ण होणाऱ्या कामाकडे ओढा असणे स्वाभाविक होते. यात प्राध्यापकांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु मोठ्या संस्थांकडे नसलेली एक गोष्ट ग्रामीण महाविद्यालयांकडे आहे : फड जवळ आहे आणि लागणीपासून तोडणीपर्यंत तेथे दर आठवड्यास जाता येते. त्या दृष्टीने पुढील कामे विविध विभागांना वाटून घेता येतील.

१) संगणकशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आठ-दहा नोडचे छोटे जाळे एका फडात संपूर्ण हंगाम चालवावे आणि हरवलेल्या संदेशांसह सर्व नोंदी खुल्या कराव्यात.
२) भौतिकशास्त्र विभागाने पिकाच्या प्रत्येक अवस्थेत ठरावीक अंतरांवर व उंचींवर रेडिओ संकेताची तीव्रता मोजावी.
३) रसायनशास्त्र विभागाने भट्टी-पद्धतीने ओलावा व सोबत मातीची विद्युतवाहकता मोजून परिसरातील मृदाप्रकारांसाठी अंशशोधनाचे तक्ते तयार करावेत.
४) भूगोल विभागाने मृदाप्रकार, उतार व निचरा यांचे गावपातळीवरील नकाशे करून संवेदक कोठे पुरावेत हे सुचवावे.
५) अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी मिळालेल्या सल्ल्यांपैकी किती अमलात आले आणि उरलेले का आले नाहीत, याची नोंद ठेवावी.

यांपैकी तिसरे काम सर्वांत आधी हाती घेण्याजोगे आहे, कारण त्यासाठी लागणारी भट्टी, तराजू व वाहकतामापक ही साधने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सामान्यतः असतात. या कामांना मान्यता मिळावी यासाठी नियतकालिकांच्या संपादक मंडळांनी फसलेल्या प्रयोगाचा व्यवस्थित अहवालही प्रकाशनयोग्य मानणे आवश्यक आहे.

९. समारोप

ऊर्जा, रेडिओ संपर्क, मोजमाप, देखभाल आणि निर्णय ही पाच आव्हाने स्वतंत्र भासली, तरी ती एकाच साखळीच्या कड्या आहेत. संशोधनाचा भर आजवर पहिल्या दोन कड्यांवर राहिला. लोणी देवकरसारख्या परिसरात साखळी तुटण्याची शक्यता मधल्या कडीपाशी, म्हणजे काळ्या व खारवट मातीतील मोजमापापाशी, सर्वाधिक आहे. आणि तेथील चूक पडद्यावर दिसत नाही. बंद पडलेला नोड निदान लक्षात येतो. खोटा आकडा देणारा नोड मात्र चालूच राहतो आणि त्याची किंमत जमीन चुकविते. म्हणून या भागात नवीन जाळे उभारताना नोडच्या संख्येआधी त्यांच्या अंशशोधनाचा तक्ता मागितला जावा. तो तयार करण्याचे काम परिसरातील महाविद्यालयांनी येत्या आडसाली लागणीपासून सुरू केल्यास सोळा-अठरा महिन्यांत त्यांच्या हाती विश्वासार्ह स्थानिक नोंद असेल.